सोमवारची मान

“तोंड उघडलंस की गेलं सगळं. दिवा लागेतोवर गप. लिहूनसुद्धा सांगायचं नाही गे, ते चोरून बोलणं झालं. कुणी काही विचारलं तर मान हलव, बस्स.” लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिकात, चिंचेच्या कोळात मनगटापर्यंत हात बुडवून बसलेल्या सासूबाईंनी मला सोमवारचं मौन असं घालून दिलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. इतकी वर्षं झाली, तरी सोमवारी स्नान करून ओल्या केसांना गाठ मारली की तो आवाज येतो, चिंचेच्या आंबट वासासकट येतो. पण त्या दिवशी तो भलत्याच ठिकाणी आला. मुलींच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलबाईंच्या खोलीत, वेताच्या खुर्चीच्या अगदी कडेवर मी बसले होते, आणि बाईंनी चष्म्यावरून बघत मला तमिळमध्ये विचारलं होतं, “लग्न झालंय तुझं?” तोवर मला वाटत होतं की इथे जे चाललं आहे ते आमच्या राजमबद्दल चाललं आहे.

राजम माझी धाकटी नणंद. मी या घरात आले तेव्हा ती रांगत होती, माझ्या नऊवारीचा काठ धरून उभं राहायला शिकली. मला मूल नाही. व्रतं आहेत, आणि राजम आहे. त्या वर्षी ती एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, पास झाली आणि घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात ती एकटी होती. दुसऱ्या पक्षाकडे ओरत्तनाडचं स्थळ होतं, मुलगा ब्लॉक ऑफिसात नोकरीला. मुलात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, एवढंच की बघायला आला तेव्हा तो राजमपेक्षा उप्पुम्याकडे जास्त वेळ बघत होता. शेवटी आत्याबाईंनी निवाडा दिला: गावातल्या गावात, त्या नव्या कॉलेजात जागा मिळाली तर मुलगी शिकेल, नाही मिळाली तर आडी महिना, म्हणजे आषाढ, सरला की अक्षता. तिरुच्चीच्या कॉलेजचं नाव काढायचं नाही. आणि मुलाखतीचा दिवस नेमका सोमवार आला. ह्यांना तालुका कचेरीत साहेबांची तपासणी होती, आत्याबाईंचे गुडघे धरले होते. “कमला जाईल की,” त्या म्हणाल्या. “तिचा सोमवार. ती काही बोलायची नाही नि बिघडवायचीही नाही.” माझ्याबद्दल त्या घरात कुणी काढलेले ते बहुधा सगळ्यांत चांगले उद्गार असतील, मला बरं वाटलं, आणि मी मान हलवली.

आमच्याकडची मान उभी हलत नाही, आडवी डोलते. तिचा अर्थ हो असतो, कळलं असतो, बरं असतो, तुम्ही म्हणाल तसं असतो, आणि पुष्कळदा नुसतंच मी इथे आहे एवढाच असतो. आत्याबाईंनी मात्र तिचा एकच अर्थ धरला होता. घरातले अवघड प्रश्न त्या माझ्यासाठी सोमवारपर्यंत राखून ठेवत. माझी मोरपंखी रेशमी साडी थोरल्या नणंदेकडे, चंद्रमतीवन्संकडे, तिरुवैयारूला गेली ती सोमवारी. मधली खोली आत्याबाईंच्या भावाला, रंगमामांना, हवापालटासाठी थोडे दिवस दिली तीही सोमवारी. मामांची हवा अजून पालटतेच आहे. मंगळवारी मी काही म्हणायला तोंड उघडलं की आत्याबाई दोन्ही हात जोडून देवघराकडे बघत. “मौनात हललेली मान म्हणजे शंकरासमोर दिलेला शब्द. तो परत घेतात का गे?” मी देवभोळी आहे. मला ते पटे. नुसतं पटे असं नाही, रात्री अंथरुणावर पडल्यावर ते मला सुंदरही वाटे, की आपल्या मानेवर शंकराचं इतकं लक्ष आहे.

पुदु आऱ्याच्या कालव्यापलीकडे एका वकिलाच्या जुन्या बंगल्यात ते कॉलेज नुकतंच भरू लागलं होतं. घोड्यांच्या पागेत वर्ग, गाडीखान्यात वाचनालय, आणि वऱ्हांड्यात पावडै-दावणी, परकरावर ओढणी, नेसलेल्या मुली, प्रत्येकीबरोबर एक घामेजलेले वडील. मीच एकटी बाई. निघताना शुभ म्हणून आत्याबाईंनी राजमला दहीभात खायला घातला होता, जरा जास्तच शुभ झाला होता. तिची पाळी जवळ आली तशी ती पिवळी पडली, “वैनी, मला कसंतरी होतंय,” म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून मागच्या विहिरीकडे पळाली. तेवढ्यात शिपायानं, नटराज त्याचं नाव, हाळी दिली. “राजम! कोण राजम?” मी उठले, विहिरीकडे बोट केलं. “पाणी नंतर अम्मा, आधी आत,” असं म्हणून त्यानं दार उघडून धरलं. मी आत गेले ती फक्त हातवाऱ्यांनी हे सांगायला की मुलगी येते आहे, जरा थांबा. शंकराची शपथ, तेवढ्यासाठीच गेले.

आत प्रिन्सिपॉल सौंदरवल्ली अम्माळ होत्या, खादीची साडी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. शेजारी तर्कशास्त्राचे लेक्चरर शेषगिरीराव, आपल्यातलेच, मराठी, काळा कोट, उपरण्याची घडी. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. “सोमवार, अम्मा. मौनव्रतम्,” नटराजनं दारातून भाषांतर केलं आणि दार लावून घेतलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सकाळपासून ज्या आल्या त्यांनी वडलांचा हुद्दा सांगितला,” त्या शेषगिरीरावांना म्हणाल्या. “एक तरी गप्प बसणारी निघाली. बस, बाळ.” मला कुणी बाळ म्हटल्याला इतका काळ लोटला होता की मी बसले. एस.एस.एल.सी. पास ना? मान. घरून पाठवायला तयार आहेत? मान, राजमला तयारच होते, जागा मिळाली तर. इतिहास नि तर्कशास्त्राचा गट घेणार? मान, राजमला गणिताचा राग. इथपर्यंत मी राजमच्या बाजूनं अगदी खरं बोलत होते, म्हणजे बोलत नव्हते. मग शेषगिरीरावांनी घसा साफ केला. “सगळी माणसं मर्त्य आहेत,” ते आपल्या भाषेत म्हणाले. “सॉक्रेटिस हा माणूस आहे. मग सॉक्रेटिसचं काय?” मला वाटलं ही चांगली संधी आहे. मी दाराकडे बोट केलं. म्हणजे, ज्या मुलीला हे विचारायचं ती त्या दाराबाहेर आहे. शेषगिरीरावांनी टेबलावर थाप मारली. “गेला! बघा बाई, एका बोटात निष्कर्ष! मी मुलींना वर्षभर शिकवतो नि त्या म्हणतात सॉक्रेटिस आजारी आहे.” आणि त्यानंतर बाईंची नजर माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेली आणि तो लग्नाचा प्रश्न आला.

तिथे मी उठायला हवं होतं. उठण्यासाठी मी पदर सावरलासुद्धा. पण बाईंच्या पाठीमागे पुस्तकांचं एक कपाट उघडं होतं आणि त्याच्या खालच्या फळीवर फडक्यात बांधलेली वेखंडाची पुरचुंडी होती. तो वास नाकाशी आला आणि मी त्या खुर्चीत राहिलेच नाही. माझे वडील अप्पाजी राजवाड्यातल्या ग्रंथालयात पोथ्या उन्हात घालायचं, झटकायचं, पुन्हा बासनात बांधायचं काम करत. प्रत्येक बासनात वेखंड, कसर लागू नये म्हणून. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि पायरीवर बसून राहायची, ते हाताला वेखंडाचा वास असतानाच दहीभात कालवायचे. मला पुढे पुष्कळ वर्षं वाटे की विद्येला वास असतो आणि तो तोच. मीही एस.एस.एल.सी. झाले आणि शाळा संपली त्या उन्हाळ्यात अप्पाजी एका बासनाची गाठ सोडता सोडता म्हणाले, “स्थळ बरं आहे, राजवाड्यामागचंच. की आणखी शिकायचंय तुला?” प्रश्न दोन होते नि मान एक. मी डोलावली. कुठल्या प्रश्नाला, ते मला आजही नक्की सांगता यायचं नाही. मला आठवतं ते एवढंच की गाठ घट्ट होती आणि ते दातांनी सोडवत होते. महिन्याच्या आत माझं लग्न झालं. त्या मानेचं मला दुःख आहे असं नाही. हे भले आहेत, आत्याबाईंची जीभ तिखट असली तरी आजारपणात उशाशी त्याच बसतात. पण कधी कधी पहाटे दारात रांगोळीचा कोलम काढताना, पीठ चिमटीतून सुटतं आणि रेघ ओढली जाते त्या क्षणी, मला वाटतं, समजा अप्पाजींनी ते दोन प्रश्न दोन दिवशी विचारले असते तर?

“लग्न झालंय, बरं,” बाई म्हणत होत्या. “आमच्याकडे त्याला बंदी नाही. वयालाही नाही.” त्यांचा आवाज एकदम खाली आला, भाजीवाल्याकडे शेवटचं वांगं मागताना येतो तसा. “बाळ, मी तुझ्यापासून लपवत नाही. या गटाला मुली पुरत नाहीत. सगळ्यांना विज्ञान हवं, डॉक्टर व्हायचं. दोघी कमी आहेत; त्या मिळाल्या नाहीत तर गट बंद करा असं वरून आलं आहे. मग ज्या मुली बाहेर बसल्या आहेत त्या घरी जातील आणि त्यांचं काय होईल ते तुला सांगायला नको.” शेषगिरीराव उपरण्याची घडी मोडून पुन्हा घालत होते, त्यांचंही काय होईल ते त्यात दिसत होतं. “कॉलेज उघडेल त्या दिवशी येशील ना?” विहिरीवर राजम चूळ भरत असल्याचा आवाज खिडकीतून आला. पंखा फिरला, वेखंडाचा वास पुन्हा आला. आणि मान हलली. मी हलवली म्हणू का हलली म्हणू, यावर मी नंतर कितीतरी जप चुकवले आहेत.

मग दार उघडून राजम आली, तोंड धुतलेलं, ओल्या बटा कपाळाला चिकटलेल्या. ती आल्यावर सगळा उलगडा झाला. बाई जितक्या हसल्या त्याहून शेषगिरीराव जास्त लाजले. राजमला त्यांनी फक्त नाव विचारलं आणि तिनं अकबराचे सगळे सुभे सांगून टाकले. “तू घेतलीस,” बाई म्हणाल्या, “पण तू धरूनही एक कमीच आहे.” आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्ही मान डोलावलीत.” आता अहो-जाहो होतं, पण पकड तीच. मी खाली बघितलं. बाहेर आल्यावर झटक्याच्या टांग्यात बसताना राजमनं माझा दंड धरला. “वैनी, खरंच डोलावलीत?” मी डोलावली. “म्हणजे येणार?” मी मान ताठ केली आणि घोड्याच्या शेपटीकडे बघत बसले. “आलात तर मी शिकेन. नाही आलात तर मी त्या उप्पुमावाल्याला जन्मभर उप्पुमा करून घालीन. काही म्हणू नका. बोलताच येत नाही तुम्हाला, मला माहीत आहे. पण मी आपलं सांगितलं.” घरापर्यंत ती एवढंच वेगवेगळ्या पद्धतीनं सांगत राहिली. मी मनात हिशेब घालत होते. सोमवारी मौन, मंगळवारी देवीचं दर्शन, गुरुवारी एकभुक्त, शुक्रवारी कुंकुमार्चन. कॉलेजच्या आठवड्यातले बहुतेक वार मी आधीच देवाला देऊन बसले होते. आता त्याच्याकडून मागून घ्यायचे म्हणजे कोणत्या तोंडानं?

आत्याबाई आधी हसल्या. राजमनं सॉक्रेटिसचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांना मानेचं कळलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. “तिला ती मान द्यायची नव्हती,” त्या म्हणाल्या. “चुकून हलली असेल. वारा असेल. विचारू दे तिला.” पण विचारून उपयोग नव्हता; मी दिवा लागेतोवर गप. तेव्हा आत्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दिवा लवकर लावला. ऊन अजून राजवाड्याच्या मनोऱ्याच्या अंगावर होतं, गल्लीत कोलमवर पाय न पडू देता मुलं पळत होती. “ढग आलेत,” आत्याबाई वात सारत म्हणाल्या. “अंधारच समज. बोल आता, कमले.” “आई, ऊन आहे की,” राजम म्हणाली. “तू तुझे डोळे मध्ये घालू नकोस!” मी ज्योतीकडे बघितलं. एवढी फिकी ज्योत मी कधी पाहिली नव्हती, उन्हात तिला स्वतःलाच आपण आहोत की नाही ते कळत नव्हतं. मी बाहेर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बसले आणि मनोऱ्यावरचं ऊन चढता चढता कळसाला जाईपर्यंत बघत राहिले. माझ्या आत एक बाई म्हणत होती, बोल, सांग की वारा होता, आजन्म कुणाला उलटून न बोललेली तू, आजच काय उलटणार आहेस. आणि दुसरी काही म्हणतच नव्हती, नुसती पायरीवर डबा मांडीत घेऊन बसली होती.

दिवेलागणीला हे आले, छत्री टांगली आणि दचकले. “सगळे हिच्याकडे का बघताय?” “कल्याणा, तुझी बायको कॉलेजात चालली आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “राजमच्या सोबतीला?” “शिकायला!” हे बाकावर बसले. “आणि मग जेवण?” त्यावर आत्याबाईंनी लेकाकडे असं बघितलं की मला ह्यांची कीव आली. “तू जन्मलास तेव्हा जेवण कोण करत होतं रे? मी मेले आहे का?” मग आपण कुणाच्या बाजूनं बोललो हे ध्यानात येऊन त्या आणखीच चिडल्या. आता खरा अंधार झाला होता. देवघरातली ज्योत भरून आली होती. मी आत जाऊन नमस्कार केला, “शिव शिव” म्हटलं, दिवसाचा पहिला शब्द, घसा नेहमीसारखा खरखरला. मग वळले. “आत्याबाई, मान हलली खरी.” “चुकून ना?” “ते मला माहीत नाही. हलली.” “मग ती धरायची नाही. व्रतातलं काय ते आपल्या घरापुरतं असतं. बाहेरच्यांना काय कळतंय?” त्या म्हणाल्या. मला खरंच वाद घालायचा नव्हता. मला शंका होती, ती विचारली, हळूच. “तुम्ही म्हणाल तसं. पण ही धरायची नाही तर मागच्या धरायच्या का? मला काही परत नको हो. मोरपंखी साडी वन्संना शोभते. मी फक्त विचारते, शंकराला एकच काय ते सांगता येईल असं.”

वाटलं, मौन माझं सुटून घराला लागलं. आत्याबाईंचे ओठ हलत होते. त्या साडीपासून सुरुवात करून एकेक सोमवार मागे चालल्या असाव्यात. तेवढ्यात मधल्या खोलीतून, बंद दाराआडून, रंगमामांचा आवाज आला. “अक्का! मान खरी! मौनातली मान खरीच! शास्त्र आहे!” दार किलकिलं झालं आणि मामांचं अर्धं डोकं दिसलं. “आज एक मान मोडलीस तर उद्या कुठली कुठली मोडेल सांगता येत नाही.” “तू गप रे,” आत्याबाई म्हणाल्या, पण जोर गेला होता. हे बाकावरून म्हणाले, “मला वाटतं आई, मामा म्हणतात ते,” आणि तेवढ्यावरच थांबले, जेवायचं होतं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, पण एका बाजूला दुसरंही काही होतं. भरपूर वर्षं आपल्याच ओसरीत वाढवलेल्या तुळशीला एके दिवशी माणूस वाकून बघतो आणि म्हणतो, अगे, ही एवढी कधी झाली, तसं. “वार सोडायचा नाही हं एकही,” त्या म्हणाल्या. “नाही.” “गुरुवारचं एकभुक्त?” “करीन.” “मग जा मेली. मीच शिकवलं, मीच भोगते.” राजमनं मला कवळ घातली, ते सोवळ्यात चालत नाही, आत्याबाई ओरडल्या, आणि मला पुन्हा स्नान करावं लागलं.

कॉलेज उघडलं तेही सोमवारीच. पहाटे सडा घातला, कोलम काढला, रेघ कुठेही तुटली नाही. तुळशीला पाणी, शंकराला बेल. मनात एकच धाकधूक होती, हजेरीची. वर्गात नाव घेतलं की “प्रेझेंट” म्हणायचं असतं, राजमनं मला आठवडाभर तेवढं एक इंग्रजी घोटून घेतलं होतं आणि ऐन दिवशी ते माझ्या तोंडात कुलूपबंद. बाईंना दिलेला शब्द पाळायला जायचं, आणि गेल्यावर आहे असंही म्हणता येऊ नये, याला काय म्हणावं? मग वाटलं, मान आहे की. शेषगिरीरावांना ती वाचता येते. राजम उंबऱ्याबाहेर पुस्तकं छातीशी धरून उभी होती. आत्याबाई आतून डबा घेऊन आल्या, दहीभात, या खेपेला थोडाच. डबा त्यांनी राजमला दिला, आणि माझ्या कपाळाला चिमटीनं विभूती लावली, अंगठा जरा जास्तच दाबून. रंगमामा मधल्या खोलीच्या दारात घाईघाईनं हात जोडून उभे होते. “कमले,” आत्याबाई सवयीनं म्हणाल्या, सोमवार होता, “संध्याकाळी लवकर येऊन तू...” आणि त्यांची नजर माझ्या मानेवर गेली. त्या थांबल्या. त्यांनी ओठ मिटून घेतले, प्रश्न गिळला आणि हातानंच, जा, असं केलं.

मी डोक्यावरून पदर घेतला, उजवा पाय आधी टाकला आणि कोलमला वळसा घालून गल्लीत उतरले.